बैठकीतला आवाज : स्पीकर आणि अँप बदलताना ठेवलेल्या नोंदी

१४ एप्रिल

इंदूर, लोकमान्यनगर. बैठकीची खोली १२ बाय १० फूट, छतही १० फुटांवर. गुळगुळीत फरशी, पातळ पडदे. टीव्ही भिंतीवर, आईची खुर्ची त्याच्यापासून अडीच मीटरवर. आम्ही वरच्या मजल्यावर, खाली काकू राहतात.

काम हातात घेण्याचं कारण असं. आईला मालिकेतले शब्द कळत नाहीत म्हणून आवाज वाढतो. वाढला की बाकीच्यांना तिथे बसवत नाही. आणि तरी आईचं चालूच, "काय म्हणाली गं ती?" म्हणजे आवाज मोठा आहे पण उपयोगाचा नाही. नवीन स्पीकर आणि अँप (ॲम्प्लिफायर, स्पीकरला ताकद पुरवणारा) आल्यावर घरातला आवाज खरंच कमी होतो का, हे मला मोजून बघायचं आहे.

आवाज मोजायचं छोटं यंत्र आणलं. फोनवरचं ॲप त्याच्याशी ताडून पाहिलं तर ॲप ६ डेसिबल जास्त दाखवतं. कालच्यापेक्षा आज किती, एवढ्यापुरतं ॲप चालेल. आकड्यावर विसंबायचं असेल तर यंत्र घ्या.

आजची मापं, आईच्या खुर्चीत बसून, कानाच्या उंचीवर, 'ए' मापनावर (कानाप्रमाणेच खालचे सूर कमी धरणारं मापन): सगळं बंद, रात्री, ३६. पंखा, ४६. कूलर मधल्या वेगावर, ५८. कूलर चालू असताना आई टीव्ही ठेवते तो आवाज ७२ ते ७४. कूलर बंद केला की तीच आई, तीच मालिका, ६६ वर आली.

स्पीकरला हात लावायच्या आधीच सहा-आठ डेसिबल सापडले. शब्द कळायला मागच्या गोंगाटापेक्षा आवाज बराच वर लागतो. तेव्हा आधी कूलर बघा. आमच्या कूलरचा पंप पत्र्याला टेकून थरथरत होता, त्याच्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला. ५८ चे ५५ झाले, खर्च शून्य.

२० एप्रिल

घरात जुना 'होम थिएटर' संच होता. खोक्यावर ५००० वॉट पीएमपीओ छापलेलं. उघडून पाहिलं तर आत १२ व्होल्ट ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर. १२ गुणिले ३ म्हणजे ३६. ट्रान्सफॉर्मर देतो त्याहून जास्त वॉट स्पीकरपर्यंत सतत पोचूच शकत नाहीत, आणि त्यातलेही काही उष्णतेत जातात. पीएमपीओ या आकड्याला मापनाचा कुठलाही ठरलेला नियम नाही, तो खरेदीच्या वेळी वाचूच नये.

या संचावर अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला. सरासरी ७० पर्यंत ठीक. ७४ ला तबल्याची थाप फाटायला लागली आणि आई आतून ओरडली, "कमी कर गं, कान किटले." ७४ हा काही फार मोठा आवाज नव्हे, रस्त्यावर याहून जास्त असतो. पण थापेचं टोक सरासरीच्या १५ डेसिबल वर जातं, म्हणजे त्या क्षणापुरती सरासरीच्या तीसपट ताकद लागते. ती अँपकडे नसली की लाटेचे माथे छाटले जातात आणि छाटलेली लाट कानाला टोचते. "कमी कर" हे वाक्य आवाजाच्या उंचीमुळे येत नव्हतं, फाटण्यामुळे येत होतं. ही गोष्ट पुढे जूनमध्ये महत्त्वाची ठरली.

२७ एप्रिल

महाराणी रोडवर खरेदी. सव्वापाच इंचाचे दोन वूफर (खालच्या सुरांचे स्पीकर), दोन रेशमी घुमटाचे ट्विटर (वरच्या सुरांचे), टीपीए ३११६ चिपचा अँप बोर्ड, २४ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर. दुकानदार मोठ्या बोर्डाच्या मागे लागला होता, "दीदी, दो सौ वॉट वाला ले जाओ, मोहल्ला हिल जाएगा." मोहल्ला हलवायचा नाही, आईला शब्द ऐकवायचे आहेत, असं सांगितल्यावर त्याने शांतपणे वूफरची खरी संवेदनशीलता सांगितली: एका वॉटला एका मीटरवर ८७ डेसिबल.

हा आकडा वॉटपेक्षा आधी विचारा. ताकद दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. ८४ चा स्पीकर सोडून ८७ चा घेतला की अँपची ताकद दुप्पट केल्यासारखंच होतं, आणि वीजही जास्त लागत नाही.

दुकानात ऐकून निवडताना एक काळजी घ्यावी. दोन स्पीकर शेजारी लावले की जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, फरक एका डेसिबलचा असला तरी. मी यंत्र सोबत नेलं होतं, दोन्ही एका पातळीवर आणून ऐकले. आधी आवडलेला वूफर मग आवडेनासा झाला.

५ मे

पेट्या. १८ मिलिमीटर एमडीएफ, सुताराकडून कापून घेतला. आतली जागा साधारण ११ लिटर, पूर्ण बंद पेटी. भोकाची पेटी, म्हणजे भोकात नळी बसवलेली, केली असती तर खालचे सूर जास्त मिळाले असते, पण नळीची लांबी चुकली तर घुमते आणि पुन्हा पेटी फोडा.

दोन फळ्या दीड-दोन मिलिमीटर लहान आल्या. फट फेविकॉल आणि लाकडाच्या भुशाने भरली, रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवली. सकाळी तपासणी: वूफरची कोन बोटांनी सगळीकडून सारखी, अलगद आत दाबून सोडायची. पेटी हवाबंद असेल तर कोन सावकाश परत येते. डावी सावकाश आली, उजवी झटक्यात. हवा मागच्या टर्मिनलच्या प्लेटमधून जात होती. दाराच्या फटीला लावतात ती चिकट फोमपट्टी खाली लावली, काम झालं. गळकी पेटी मोठ्या आवाजाला शिट्टी घालते आणि आपण दोष अँपला देतो.

११ मे

हा भाग सर्वात जास्त वेळ खाऊन गेला.

बाजारातला तयार क्रॉसओव्हर लावला, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्विटरला वाटून देणारं सर्किट. पहिल्या पाच मिनिटांत "वा, किती स्वच्छ!" अर्ध्या तासात आई उठून गेली. 'स' आणि 'श' सुईसारखे. ट्विटर वूफरपेक्षा सहा डेसिबल मोठा वाजत होता. आवाज कमी केला तर 'स' सुसह्य होतो, पण बाकीचा शब्द बुडतो. वाढवला तर उलट. कुठेही ठेवा, जमत नाही. चुकीचा तोल असलेला स्पीकर व्हॉल्यूमच्या बटणाने सुधारत नाही.

तयार क्रॉसओव्हर काढून टाकला, ३६० रुपये पाण्यात. त्याऐवजी ०.८५ मिलिहेन्रीचं वेटोळं आणि ३.३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोन्ही बाजूंना, ८ ओहमसाठी ३००० हर्ट्झवर. ट्विटरच्या आधी ३.९ ओहमचा सिमेंटचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि ८.२ ओहमचा ट्विटरला समांतर. यामुळे ट्विटर सहा डेसिबल खाली येतो आणि क्रॉसओव्हरला भार साधारण ८ ओहमचाच दिसतो.

तरी शब्द मागे गेल्यासारखे. सुई गेली, पण 'त' आणि 'थ' मध्ये फरक कळेना. मापलं तर ३००० हर्ट्झच्या आसपास खड्डा. या प्रकारच्या क्रॉसओव्हरमध्ये वूफर आणि ट्विटर त्या जागी एकमेकांच्या उलट ढकलतात, म्हणून ट्विटरच्या तारा उलट जोडाव्या लागतात. अधिकची तार वजाला, वजाची अधिकला. खड्डा भरला. व्यंजनांची ओळख बहुतेक २००० ते ४००० हर्ट्झमध्ये असते, म्हणजे नेमका तिथेच खड्डा होता.

आईची श्रवणचाचणी याच आठवड्यात करून घेतली. ३००० च्या वरचं ऐकू कमी झालं आहे, वयाप्रमाणे. स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. टीव्हीचे आतले स्पीकर मागच्या भिंतीकडे तोंड करून, त्यामुळे व्यंजनं भिंतीवर आपटून, पडद्यात मुरून तिच्यापर्यंत यायची. ती आवाज वाढवायची तेव्हा स्वरच मोठे व्हायचे. घरात वयस्कर माणूस असेल तर स्पीकरवर पैसे घालण्याआधी ही चाचणी करा.

१८ मे

अँप. बोर्ड जोडला आणि दोन तक्रारी लगेच दिसल्या. नॉब जरासा फिरवला, घड्याळाचा काटा आठवर असतो तसा, की घर दणाणतं. पाहुणे म्हणतील काय ताकद आहे! पण नॉबची जागा म्हणजे ताकद नव्हे. बोर्डाचा गेन ३२ डेसिबलवर ठेवलेला होता, म्हणजे आत आलेला व्होल्टेज चाळीसपट. टीव्हीच्या कन्व्हर्टरमधून (टीव्हीचा ऑप्टिकल आवाज अँपला चालेल असा करून देणारी डबी) दोन व्होल्ट येतात, त्याचे ऐंशी व्हायला बघतात, आणि २४ व्होल्टवर चालणारा बोर्ड त्याच्या कितीतरी आधी छाटायला लागतो. नॉबचा तीन चतुर्थांश प्रवास निव्वळ निरुपयोगी.

दुसरी तक्रार जास्त त्रासाची. रात्री अगदी हळू लावलं की गायक डावीकडे सरकायचा. रेकॉर्डिंग जुनं, मोनो, गवई मधोमधच हवा. स्वस्त दुहेरी नॉबच्या सुरुवातीच्या भागात डावी-उजवी बाजू सारखी चालत नाही, आणि आम्हाला वापरायला तेवढाच भाग उरत होता. शिवाय ट्विटरला कान लावला तर सतत 'हिस्स'.

डेटाशीटमधल्या तक्त्याप्रमाणे रेझिस्टर बदलून गेन २० डेसिबल केला, म्हणजे दहापट. रेझिस्टर तांदळाच्या कणीएवढा, भिंगाखाली बारीक टोकाचा चिमटा आणि बारीक सोल्डर. एका पॅडचा तांबा उचकटला, मग तिथून तार ओढून पुढच्या बिंदूला डाग दिला. संध्याकाळ गेली.

आता रोजचा आवाज नॉब अकरा-बारावर असताना मिळतो. गवई मध्ये आला. हिस्स खुर्चीपर्यंत पोचत नाही. पूर्ण ताकद तेवढीच आहे, दोन व्होल्ट गुणिले दहा, बोर्डाला छाटायला पुरेसे. रात्री हळू ऐकणाऱ्यांनी हा बदल आधी करावा, जास्त वॉटचा बोर्ड घेण्याआधी. हळू आवाजाची गुणवत्ता मला याच दुरुस्तीतून मिळाली.

ताकद किती लागते तेही मोजलं. दोन्ही स्पीकरना प्रत्येकी एक वॉट दिला की खुर्चीत साधारण ८० डेसिबल येतात. म्हणजे ७० ला लागतो वॉटचा दहावा हिस्सा. तबल्याच्या टोकाला तीनेक वॉट. बोर्ड तीसेक वॉट स्वच्छ देतो. ही मोकळी जागाच खरी चैन.

२५ मे

तुलना. जुने टीव्हीचे स्पीकर आणि नवे. मालिकेचा एकच भाग, कूलर चालू, रिमोट आईच्या हातात, आकडा तिला न दाखवता. तिला सांगितलं, शब्द आरामात कळतील तिथे थांब.

टीव्हीचे स्पीकर: ७१. नवे: ६४. कूलर बंद करून: ६५ आणि ५७.

सात-आठ डेसिबल कमी, आणि "काय म्हणाली?" बंद. स्पीकर कानाच्या उंचीवर, तोंड थेट खुर्चीकडे, हे यातलं निम्मं काम असावं. एक स्पीकर मुद्दाम भिंतीकडे वळवून पाहिला तर तीन डेसिबल लगेच वाढवून मागितले.

२ जून

उलटी बाजू आज कळली, आणि ती लिहून ठेवणं मला जास्त गरजेचं वाटतं.

संध्याकाळी गाणं लावलं. अतिविलंबित झुमरा, मंद्र सप्तकातली सावकाश बढत. तानपुऱ्याचा खरज पहिल्यांदाच या खोलीत अंगावर आला. काळी एक या पट्टीत खरजाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते, टीव्हीच्या स्पीकरमधून तो पायाच गायब होता, फक्त त्याचे वरचे सूर ऐकून मन तो भरून काढत होतं. सगळे गप्प बसून ऐकत होतो. भाऊ म्हणाला, "अजून थोडं वाढव." वाढवलं. कुणी काही बोललं नाही.

यंत्र पाहिलं: ८१.

जुना संच ७४ ला फाटायचा आणि आई ओरडायची. आता फाटतच नाही, तर ओरडणार कोण? आवाज मोठा झाला हे कानाला बरेचदा फाटण्यातूनच कळतं, आणि मी महिनाभर खपून तीच खूण काढून टाकली होती. आरामात, काही न जाणवता, सात डेसिबल वर.

८१ ला लगेच काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित ऐकण्याच्या मानकात मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबल ४० तास हा हिशेब आहे, मुलांसाठी ७५. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८३ ला २० तास, ८६ ला १०. एक तास ८१ ने ऐकलं तर हरकत नाही. पण आमच्याकडे बैठकीत दिवसभर काहीतरी चालू असतं, आणि भाची तिथेच बसून अभ्यास करते. "अजून थोडं" रोज झालं तर हिशेब बदलतो.

उपाय साधा. नॉबवर दोन ठिपके काढले. पांढरा, जिथे साधारण गाणं ७० ला वाजतं. लाल, जिथे ७८. लालच्या पुढे जायचं तर विचारून. रेकॉर्डिंग बदललं की आकडे सरकतात, जुन्या ध्वनिमुद्रणांची पातळी कमी असते, म्हणून ठिपका म्हणजे अंदाज, अधूनमधून यंत्र काढावंच.

९ जून

काकू वर आल्या. "अगं, रागावू नकोस, पण मांडणीवरची भांडी थरथरतात गं." खरज आणखी हवा म्हणून भावाने जुन्या संचाचा सबवूफर कोपऱ्यात, फरशीवर ठेवून जोडला होता.

त्यांच्या परवानगीने खाली जाऊन मोजलं. 'ए' मापनावर ३४, म्हणजे कागदावर जवळजवळ शांतता. 'सी' वर टाकलं, ते खालचे सूर फारसे वजा करत नाही: ५४. 'ए' मापन ५० हर्ट्झला ३० डेसिबल वजा करून दाखवतं. काकूंना त्रास होत होता तो नेमका त्या वजा केलेल्या भागाचा. निवासी भागासाठी नियमातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे, तीही 'ए' मापनावर, त्यामुळे "आम्ही मर्यादेत आहोत" हे उत्तर काकूंना देण्यात अर्थ नव्हता.

कारण खोलीतच आहे. १० फूट रुंदी आणि १० फूट उंची, दोन्हींचा स्वतःचा घुमणारा सूर ५६ हर्ट्झच्या जवळ, दोन सारखी मापं एकमेकांना साथ देतात. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर त्याला पूर्ण जोराने चेतवतो, आणि फरशीवाटे तो सरळ खालच्या छतात. आधी खाली रबराचे तुकडे दिले: २ डेसिबल. कोपऱ्यातून काढून भिंतीच्या मध्याकडे: आणखी ५. मग सबवूफर काढूनच टाकला. स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे, लाकडी स्टुलांवर. खाली 'सी' वर ४३. काकू म्हणाल्या, "आता तुमचं गाणं ऐकू येतं, धडधड येत नाही. पहाटेचं लावत जा."

२३ जून

पाऊस आला, कूलर बंद. आई आपणहून ५६ वर आली, कुणी सांगितलं नाही. टीव्हीचा 'नाईट मोड' लावला, त्यामुळे जाहिरात लागली की दचकायला होत नाही.

रात्री दहानंतर ५२-५३ ला गाणं लावलं तर खरज पुन्हा नाहीसा. यात स्पीकरचा दोष नाही. आवाज जितका लहान तितका कानाला खालचा सूर कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मापून दाखवलेली गोष्ट. जुन्या अँपवर 'लाउडनेस' बटण असायचं ते यासाठीच. कन्व्हर्टर आणि अँपच्या मध्ये छोटा टोन कंट्रोल घातला, रात्री बास ५ डेसिबल वर. खाली जाऊन पुन्हा मोजलं, त्या पातळीला काकूंकडे काहीच पोचत नाही.

३० जून

हिशेब. वूफर जोडी १९००, ट्विटर जोडी ९००, अँप बोर्ड ६५०, अडॅप्टर ७५०, एमडीएफ आणि कापणावळ १४५०, क्रॉसओव्हरचं सामान ८००, वाया गेलेला तयार क्रॉसओव्हर ३६०, आवाजाचं यंत्र १७००, ऑप्टिकल कन्व्हर्टर ५५०, तारा-टर्मिनल-फोमपट्टी-फेविकॉल-कापूस ७००. एकूण ९७६०. टोन कंट्रोल जुन्या डब्यातल्या सामानातून. पुन्हा केलं तर तयार क्रॉसओव्हर घेणार नाही, यंत्र मात्र सर्वात आधी घेईन.

राहिलेलं काम: स्पीकरच्या जाळ्या, भाचीचं बोट ट्विटरपर्यंत पोचतं. उजव्या पेटीला पॉलिश. अँपला लाकडी खोकं, सध्या बोर्ड उघडाच आहे आणि चिपचा हीटसिंक हवेशीर राहील अशी जागा सोडायची आहे. श्रावणात पाहुणे आले की खोलीत माणसं जास्त, तेव्हा पांढरा ठिपका पुन्हा तपासायचा.